'मुंबई नगरी बडी बांका': लंका म्हणजे कौतुक की टोमणा?

सातवा_मजला:
आमच्या सोसायटीत १ मेला बायकांनी शाहीर पठ्ठे बापूरावांची 'मुंबई नगरी बडी बांका' ही लावणी बसवायची ठरवलीय. दुसऱ्याच ओळीवर घोडं अडलं: 'जशी रावणाची दुसरी लंका'. एक काकू म्हणतात, महाराष्ट्र दिनाला आपल्याच राजधानीला राक्षसाची नगरी कशाला म्हणायचं? ओळ बदलू. मला ते पटत नाही, पण त्यांना सांगू काय? सासरे गिरणीत होते. त्यांच्या मते तिकडे सगळे ही लावणी कौतुकानंच म्हणायचे.

टिचभर:
अहो, सोन्याची लंका! समुद्रातली श्रीमंत नगरी. कौतुकच आहे, विषय संपला.

वाळवेकर_लालबाग:
संपला कसा? सोनं कुणाचं, ते राहिलंच की.

ताई, ही लावणी ऐकायला कोण बसायचं ते बघा. घाटावरून, कोकणातून आलेले गिरणी कामगार. एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे, खानावळीत जेवणारे. बायको गावी, पगारातले चार पैसे मनीऑर्डरीनं तिकडे. आमचे वडील त्यातलेच. या माणसांना मुंबई झगमगताना दिसायची, पण लांबून. आपल्यात म्हण आहेच ना, 'लंकेत सोन्याच्या विटा'. असतील, आपल्याला काय त्याचं? बापूराव तोंड भरून वाखाणतात आणि त्याच दमात चिमटा काढतात. कौतुक की टोमणा असं वेगळं काढायला जाल तर लावणीतली गंमतच जाईल.

आणि बापूराव तरी मुंबईचे कुठे? मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६, गाव रेठरे हरणाक्ष, आमच्या वाळवा तालुक्यातलं. ब्राह्मणाचा पोरगा तमाशातल्या पवळाबाईंबरोबर फडावर उभा राहिला म्हणून केवढं काहूर उठलं होतं. असा माणूस भीडभाड ठेवणार होय? निव्वळ शिवीच द्यायची असती तर सरळ दिली असती.

आता काकूंसाठी एक. अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, म्हणजे पुन्हा वाळवा तालुकाच (आमच्या मातीत काहीतरी आहे, दुसरं काय). त्यांनीही मुंबईची लावणी लिहिली. तिच्यात मलबार हिल म्हणजे इंद्रपुरी, तिथं कुबेराची वस्ती, आणि पुढं लगेच परळातले राबणारे. आता लंका आधी कुणाची होती? कुबेराचीच! रावणानं ती त्याच्याकडून बळकावली. एकानं रावण आणला, दुसऱ्यानं कुबेर. नगरी तीच, आणि आपण दोन्हीकडे पायरीशीच. अण्णाभाऊंनी ते उघड मांडलं, बापूरावांनी हसत हसत.

टिचभर:
बरं बाबा, हरलो. पण ओळ बदलायची नाही यावर एकमत ना?

वाळवेकर_लालबाग:
बदलूच नका. 'लंका'ला पुढं 'डंका' जुळवलाय. एक काढाल तर दुसराही जाईल, मग ढोलकीवाल्यानं थाप मारायची कशावर? आणि प्रार्थनेसारखं हात जोडून गाऊ नका, जरा ठसक्यात येऊ द्या.

सातवा_मजला:
काकूंना कुबेर एकदम पटला! आता त्याच झील धरायला उभ्या राहणार म्हणतायत. ढोलकीवाला मात्र अजून मिळालेला नाही. ठाण्यात कुणी ओळखीचा असेल तर कळवा. कीबोर्डवरची ढोलकी नको.