मुद्देमालातली स्कूटर परत मिळाली, बॅटरी-सायलेन्सर गायब. सरकारवर दावा चालतो का?

डबेवाली_कोथरूड: टेम्पोने धडक दिली त्या केसमध्ये माझी स्कूटर मुद्देमाल म्हणून 14 महिने पोलिसांच्या आवारात उभी होती. सुपुर्दनाम्यावर (कोर्टाने खटला संपेपर्यंत सांभाळायला मालकाच्या ताब्यात देणं) सोडवली तर बॅटरी नाही, सायलेन्सर नाही, सीटखाली मुंग्यांची वसाहत! गॅरेजवाल्याने 11,400 सांगितले. हवालदार म्हणतात, "ताई, सरकारवर केस होत नसते." खरंच?

निवृत्त_लघुलेखक: ताई, शिवाजीनगर कोर्टात आयुष्य गेलं म्हणून सांगतो. हवालदारांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. 1947 साली मेरठमध्ये पोलिसांनी अमृतसरच्या एका सराफाचं सोनं-चांदी जप्त केलं. चांदी परत मिळाली. सोनं घेऊन हेड कॉन्स्टेबलच पाकिस्तानात पळाला. 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सराफाला रिकाम्या हाताने पाठवलं : अटक आणि जप्ती ही सार्वभौम सत्तेची कामं, त्यात नोकराने निष्काळजीपणा केला तरी सरकार भरपाई देणं लागत नाही. निकाल आपल्या साताऱ्याच्या, तेव्हाचे सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांचा. याबाबत कायदा करा असंही त्यांनी त्यातच सुचवलं होतं. तो अजून झालेला नाही.

पण गंमत पुढे आहे. 1967 मध्ये त्याच न्यायालयाने जुनागढच्या एका माणसाचे जप्त केलेले ट्रक परस्पर विकले म्हणून सरकारला जबाबदार धरलं. जप्त माल म्हणजे सरकारकडची ठेव, तो सांभाळायलाच हवा. 1994 च्या नागेंद्रराव खटल्यात तर जप्त खत-धान्याच्या नुकसानीची भरपाई द्यायला लावली. तुमच्या स्कूटरची केस या दोन खटल्यांच्या जवळची.

दावा टाकण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची नोटीस द्या, मग दोन महिने थांबा. उशीर करू नका, दावा एका वर्षातच टाकायला हवा होता, अशी मुदतीची हरकत सरकारी वकील काढून बसतात.

पेठेतला_पक्का: 11 हजारांसाठी वकिलाची फी, तारखा, झेरॉक्स... त्यापेक्षा बॅटरी घाला आणि डबे पोचवा.

निवृत्त_लघुलेखक: @पेठेतला_पक्का, हिशेब बरोबर आहे, पण नोटिशीला काय लागतं? एक कागद आणि स्पीड पोस्ट. ताई, जप्तीच्या पंचनाम्यात गाडीचं वर्णन काय आहे? सगळं त्यावर अवलंबून.

डबेवाली_कोथरूड: काका, आत्ताच काढून पाहिला. "चालू स्थितीत, बॅटरीसह." खाली हवालदारांचीच सही आहे.