मदत हवी आहे: ‘मोल’ या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी. भाची अकरावीत आहे. रसायनशास्त्राच्या वहीत ‘१ मोल = ६.०२२ × १०²³ कण’ लिहिता लिहिता तिने विचारलं, “मामा, अंगावरचा तीळही मोल, मग हे काय?” तेव्हापासून या चार अक्षरी इंग्रजी शब्दाने मला झपाटलंय.

तीळ या अर्थाचा मोल जुन्या इंग्रजीतल्या ‘डाग’ या अर्थाच्या शब्दातून आला. बंदराच्या दगडी धक्क्यालाही मोल म्हणतात, तो लॅटिन ‘मोलेस’ म्हणजे मोठा ढीग, यावरून. गंमत म्हणजे याच मोलेसचं लघुरूप ‘मॉलिक्यूल’, म्हणजे ‘छोटासा ढीग’, आणि त्यावरूनच जर्मन शास्त्रज्ञ ओस्टवाल्डने रसायनातला मोल घडवला. म्हणजे समुद्रातला धक्का आणि परीक्षानळीतला मोल एकाच घरचे! मेक्सिकोची ‘मोले’ (स्पेलिंग तेच) नावाची चटणी मात्र नाहुआत्ल भाषेतल्या ‘मोल्ली’वरून, ग्वाकामोले या अवाकाडोच्या चटणीच्या नावातही तोच शब्द. आपलं ‘मोल’ तर संस्कृत ‘मूल्य’.

भाचीसाठी मी याची तक्ता-वही करतोय, पण दोन ठिकाणी अडलोय.

एक, जमीन पोखरणारा मोल. शब्दकोशात चिचुंद्री दिसते, पण चिचुंद्री वेगळा प्राणी आहे, घूसही वेगळी. दुसरा मोल म्हणजे शत्रूच्या गोटात वर्षानुवर्षं त्यांचाच माणूस होऊन राहिलेला हेर. ‘फितूर’ नंतर फुटतो, ‘घरभेदी’ घरचाच असतो. हा तर आधीच पेरलेला.

कुणाकडे बोलीभाषेतला, जुन्या बखरीतला शब्द असेल तर कृपया सांगा.