गोरिलांना आपलं पडसं : नव्या टोळ्या माणसाळवणं थांबवावं का?

रानपिंगळा

थेट मुद्दा मांडतो. युगांडा आणि रवांडात डोंगरी गोरिलांच्या आणखी टोळ्या पर्यटकांसाठी माणसाळवू नयेत, म्हणजे माणूस जवळ आला तरी पळायचं नाही अशी सवय त्यांना लावू नये. ज्या माणसाळल्या आहेत त्यांच्याजवळ जाणाऱ्याने आधी पाच दिवस वेगळं राहावं.

आपलं साधं पडसं त्यांच्या छातीत उतरतं. २००९ मध्ये रवांडातल्या हिर्वा टोळीत (रंगाशी संबंध नाही, नावच तसं) १२ पैकी ११ गोरिला आजारी पडले. एक प्रौढ मादी आणि एक नवजात पिल्लू मेलं. दोघांत एचएमपीव्ही हा माणसाच्या श्वसनमार्गातला विषाणू सापडला. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडच्या वाहिन्यांनी घबराट उडवली तोच हा विषाणू. २०१३ मध्ये युगांडातल्या किबाले अरण्यात, कान्यावारा इथे, ऱ्हायनोव्हायरस सी या पडशाच्या विषाणूमुळे ५६ पैकी ५ चिंपांझी गेले. त्याच अरण्यात न्गोगो इथे २०१६-१७ मध्ये एचएमपीव्हीने २५ चिंपांझी मारले. गोरिला मादीला साधारण चार वर्षांनी एक पिल्लू होतं, चिंपांझीला त्याहूनही उशिरा. अशी खोट भरून यायला किती वर्षं लागतील याचा अंदाज करा.

कागदावर नियम आहेत. एका वेळी आठच माणसं, एकच तास, अंतर सात मीटर (कोविडनंतर दहा). प्रत्यक्षात युगांडातल्या ब्विंडी अरण्यात तपासलेल्या ५३ फेऱ्यांपैकी ५२ मध्ये सात मीटरचा नियम मोडला गेला.

हिशेबी

तुमची उदाहरणं खरी आहेत, पण निष्कर्ष उलटा निघतो. रवांडा, युगांडा आणि काँगोच्या सीमेवरच्या विरुंगा डोंगरांतली १९६७ ते २००८ ची आकडेवारी बघा. माणसाळलेल्या टोळ्या वर्षाला ४.१ टक्क्यांनी वाढल्या आणि न माणसाळलेल्या ०.७ टक्क्यांनी घटल्या. माणसाळलेल्या टोळीमागे रोज माग काढणारे असतात, शिकाऱ्यांनी लावलेले तारेचे फासे उचलले जातात. एखाद्या पिल्लाच्या हातात तार रुतली तर पशुवैद्य भुलीचा डार्ट मारून ती काढतात. दोन गटांतल्या फरकापैकी ४० टक्क्यांपर्यंतचं श्रेय एकट्या पशुवैद्यकीय उपचारांना दिलं गेलंय. या सगळ्याचा खर्च बराचसा परमिटातून निघतो. रवांडात एका माणसाच्या एका तासाचे १,५०० डॉलर, युगांडात ८००. आज डोंगरी गोरिला हजाराच्या वर आहेत, ते या पैशाशिवाय शक्य नव्हतं.

दुसरं म्हणजे कान्यावारा आणि न्गोगो ही मुळात संशोधनाची ठिकाणं आहेत. तिथल्या मृत्यूंचं खापर पर्यटकांवर कसं फोडता?

सूक्ष्मदर्शी

खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं ते ठरवण्याआधी एक तपशील. न्गोगोत एचएमपीव्ही पसरला त्याच सुमारास शेजारच्या कान्यावाऱ्यातले चिंपांझीही खोकत होते, पण त्यांच्यात पॅराइन्फ्लुएन्झा ३ हा खोकला-पडशाचा दुसराच विषाणू निघाला. एकाच जंगलात, एकाच वेळी, माणसाचे दोन वेगळे विषाणू दोन वाटांनी शिरले. एका बेजबाबदार माणसाला पकडून सुटणारं हे कोडं नाही.

हिर्वाबद्दलही एक गल्लत नेहमी होते. तिथला विषाणू दक्षिण आफ्रिकेतल्या माणसांत आढळलेल्या प्रकाराच्या जवळचा निघाला, म्हणून 'पर्यटकानेच आणला' असं सरसकट लिहिलं जातं. पण जिथे नमुन्यांतल्या विषाणूंचे जनुकीय क्रम वाचले जातात तिथलेच प्रकार यादीत असतात. शेजारच्या गावातल्या पोरांच्या नाकातले नमुने कुणी तपासलेच नसतील तर सगळ्यात जवळचं साम्य लांबच्या देशातल्या प्रकाराशीच दिसणार.

रानपिंगळा

@हिशेबी, ती आकडेवारी २००८ पर्यंतची आहे, आणि वाढ रोजच्या राखणीने आणि पशुवैद्यांमुळे झाली, पर्यटकाच्या श्वासामुळे नव्हे. या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. माझा आक्षेप फक्त दुसऱ्या गोष्टीला आहे.

शिवाय रवांडातल्या १५ साथींचा अभ्यास सांगतो की खोकला टोळीच्या आत वणव्यासारखा पसरतो (एकदा तीन दिवसांत ४६ पैकी ४५ गोरिला खोकायला लागले), पण एका टोळीतून दुसरीत सहसा जात नाही. म्हणजे न माणसाळलेली टोळी आपोआप सुरक्षित राहते. ते कवच आपण होऊन का फोडायचं?

टवाळखोर

युगांडाला जाताना पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं, परत येताना भारतातही विचारतात. माणसाच्या जिवासाठी दोन दोन विमानतळांवर तपासणी. गोरिलाच्या जिवासाठी गेटवरचा माणूस विचारतो, "बरं आहे ना?" आणि आपण म्हणतो, "एकदम मस्त."

भिंगवाला

अंतराचा नियम का मोडतो, त्याचं एक साधं कारण कुणी बोलत नाही. मोबाइलची मुख्य लेन्स साधारण २४ मिमीची. दहा मीटरवरून तिच्या चौकटीत १५ मीटर रुंद दृश्य येतं आणि बसलेला गोरिला त्यात ठिपक्याएवढा दिसतो. म्हणून लोक पुढे सरकतात. हेच २०० मिमी लेन्सने पाहिलं तर चौकट जेमतेम १.८ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच, गोरिला काठोकाठ. गेटवर भाड्याने दुर्बीण आणि टेलिलेन्स ठेवा, निम्मी गर्दी जागेवर थांबेल. लोकांनी समाजमाध्यमांवर टाकलेल्या ८५८ फोटोंचा अभ्यास झालाय, त्यातल्या ८६ टक्के फोटोंत माणूस चार मीटरच्या आत होता.

उरलेली अडचण गोरिलाची. पिल्लं स्वतःच जवळ येतात. मागे हटायला जागा हवी, म्हणून वाटाड्याने माणसांना झाडोऱ्याच्या कोंडीत किंवा उतारावर दाटीने उभं करू नये, एका ओळीत आणि मागची वाट मोकळी ठेवून उभं करावं. पिशव्या आणि खाणं दोनशे मीटर अलीकडे ठेवायचा नियम आहे तो पाळावा, नाहीतर चॉकलेटचा कागद पिल्लाच्या तोंडात जातो.

सूक्ष्मदर्शी

मास्कबद्दल. साध्या कापडी मास्कचा उपयोग फार कमी. एन-९५ घ्या आणि माणशी तीन ठेवा. चढावर घामाने किंवा पावसाने भिजला की श्वास घेणं जड होतं, मग तो नाकाखाली येतो, आणि नेमक्या त्याच वेळी माणूस धापा टाकत असतो. त्यामुळे चढताना नको. टोळी दिसण्याच्या अलीकडे थांबा, दम खाऊ द्या, मग कोरडा मास्क चढवा. वापरलेला बंद पिशवीत, खिशात कोंबू नका. जंगलात पडलेला मास्क पहिल्यांदा पिल्लूच उचलतं.

तापमान मोजायच्या बंदुकीवर विसंबू नका. ऱ्हायनोव्हायरसमध्ये मोठ्या माणसाला बहुधा ताप येतच नाही. झटपट अँटिजेन चाचणीही आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या आणखी एका विषाणूच्या बाबतीत प्रौढांत कच्ची, कारण नाकात विषाणू थोडा असतो. सिट्रिझिन घेऊन नाक कोरडं होतं, विषाणू बाहेर पडणं थांबत नाही. आणि १,५०० डॉलर बुडणार असतील तर गोळी घेणारे निघणारच. आजारी माणसाला पूर्ण पैसे परत किंवा पुढची तारीख मिळाली पाहिजे, त्याशिवाय कुणी खरं बोलणार नाही.

पाच दिवसांचं म्हणाल तर, कोत दिव्वारच्या (आयव्हरी कोस्ट) ताई अरण्यात संशोधकांना तेवढं विलगीकरण करायला लावत होते. एचएमपीव्ही आणि आरएसव्हीची लक्षणं साधारण तीन ते सहा दिवसांत दिसतात, तेव्हा पाच दिवसांत बरेच सापडतात, सगळे नाहीत.

हिशेबी

पाच दिवस मुक्काम म्हणजे सामान्य पर्यटक येणारच नाही. ज्याच्याकडे वेळ आणि पैसा दोन्ही आहे तोच येईल. मग परमिट तीन हजार डॉलर करा म्हणा. पण गावाला मिळणारा वाटा कमी झाला तर फासे पुन्हा लागतील. फासे डुक्कर-हरणासाठी असतात, त्यात गोरिलाचा हात सापडतो. रानपिंगळा, तुमची न माणसाळलेली टोळी विषाणूपासून सुरक्षित आहे, तारेपासून नाही. ०.७ टक्क्यांची घट तिथलीच आहे.

आणि पर्यटक एक तास येतो. माग काढणारे रोज जातात, वर्षभर. त्यांच्या घरी लहान मुलं असतात आणि ही पडशी मुलांमधूनच फिरतात. मोठ्याला शिंकही येत नाही, तरी तो विषाणू घेऊन जंगलात जातो. विलगीकरण करायचंच तर त्याचं करा.

रानपिंगळा

फाशाचा मुद्दा मान्य. राखण करायला टोळी माणसाळवायची असेल तर माग काढणाऱ्यापुरती माणसाळवा, परमिट विकायला नको.

माग काढणाऱ्याला मात्र विलगीकरणात टाकण्यापेक्षा पगारी रजा द्या. घरात पोर खोकतंय असं त्याने सांगितलं की त्या दिवसापासून सात दिवस, वेतन न कापता, आणि बदली माणूस तयार. रोजंदारी बुडत असेल तर तो गप्प राहील, जसा १,५०० डॉलर भरलेला पर्यटक गप्प राहतो.

हिशेबी

आणि त्या रजेचे पैसे कुठून आणणार?

रानपिंगळा

परमिटातून. तेवढ्यापुरतं तुमचं खरं.