मॅडिनचा सिनेमा दाखवताना दोष कुणाचा, दिग्दर्शकाचा की प्रोजेक्टरचा?

परभणीकर: इथल्या फिल्म क्लबात कॅनडाच्या गाय मॅडिनचा ‘द हार्ट ऑफ द वर्ल्ड’ (२०००) दाखवायचाय. जुन्या मूकपटांच्या ढंगात केलेला, सहाच मिनिटांचा आहे, पण चाचणीला पोरं हसायलेत. कडा धूसर, चित्र लुकलुकतंय, नुसती धांदल. यात मुद्दाम केलेलं किती अन् आमच्या मशीनचं किती, कसं ओळखावं? आधी काय दाखवावं?

रीळवाला, लातूर: आधी मशीन तपासा, रसग्रहण मग. लॅपटॉपचे आयकॉन पडद्यावर टाका. त्यांची अक्षरं रेखीव असूनही सिनेमाच्या कडा विरघळत असतील, तर ती करामत मॅडिनची. भिंगाला व्हॅसलिन फासणं ही त्याची जुनी खोड. मूकपटाची चौकट साधारण ४:३. आयरिसचा, म्हणजे काळ्या चौकटीत चित्र उघडणारा-मिटणारा गोल आडवा लांबोडा दिसला, तर प्रोजेक्टरनं चित्र १६:९ मध्ये ताणलंय.

वेगाला मात्र हात लावू नका. ही धांदल एडिटिंगची आहे, सोव्हिएत मोंताजची, म्हणजे छोटे शॉट झपाट्यानं एकमेकांवर आदळवण्याच्या शैलीची अतिशयोक्ती. रशियन संगीतकार स्विरिदोवच्या ‘टाइम, फॉरवर्ड!’ या संगीतावर ती बसवलीय. वेग कमी केला की सगळं कोसळतं. खरे मूकपट वेगळे. ते बहुधा सेकंदाला १६ ते २० फ्रेमनं हातानं फिरवलेले, म्हणून २४ नं चालवले की माणसं तुरुतुरु पळतात. खऱ्या मूकपटात तसं दिसलं तरच व्हीएलसी या प्लेअरमध्ये वेग ०.६७ (१६ फ्रेमला) किंवा ०.७५ (१८ ला) करा. नव्या प्रतींत बऱ्याचदा ही दुरुस्ती आधीच केलेली असते.

धूसर_फ्रेम: एक भर. फ्रेम थांबवून बघा. हलणाऱ्या प्रत्येक हाताला सावलीसारखा दुसरा हात दिसत असेल, अन् तेही फिल्मभर, तर फाइल बदलताना फ्रेम एकमेकींत मिसळल्यात. ते प्लेअरमध्ये सुधरत नाही, दुसरी प्रत शोधा. एखाद्याच शॉटमध्ये दोन चित्रं एकावर एक असतील, तर ते डबल एक्स्पोजर.

अंबाजोगाईहून: आधी फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’ची (१९१९) सुरुवात लावा. त्यांची मुलगी मंदाकिनी थेट कॅमेऱ्यापुढं चेहऱ्यावर भाव आणते, मग कृष्णाच्या वेशात येते. ते पाहिलं की मॅडिनकडचे विस्फारलेले डोळे अन् छातीवरचे हात खुळचट वाटत नाहीत. मग मोंताजचा नमुना म्हणून आयझेनस्टाइनच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’मधला (१९२५) ओडेसाच्या पायऱ्यांचा प्रसंग. ‘कॅलिगरी’ (१९२०) हा जर्मन मूकपट चांगलाच, पण इथं नको. त्याच्या रंगवलेल्या सावल्यांचा या सहा मिनिटांशी फारसा संबंध नाही.

कथा मात्र आधीच सांगून टाका: दोन भाऊ, दोघांचंही प्रेम आना या शास्त्रज्ञ बाईवर, अन् पृथ्वीचं हृदय बंद पडायलंय. पाट्या इतक्या झपाट्यानं जातात की वाचता वाचता चित्र निसटतं. एवढी छोटी फिल्म दोनदा लावावी, मध्ये चर्चा. पोरं हसली तर हसू द्या, मॅडिनला तो मेलोड्रामा हास्यास्पदही हवाय अन् खराही.

परभणीकर: हॉलला दोन मोठ्या खिडक्या आहेत. पडदे पातळ.

रीळवाला, लातूर: मग मे महिन्यात साडेसातच्या आत सुरूच करू नका. उजेड आला की काळा रंग राखाडी होतो अन् अर्धा सिनेमा तिथंच जातो. प्रोजेक्टरचा ‘डायनॅमिक’ मोड बंद करून ‘सिनेमा’ ठेवा.