परदेशात तुम्हाला कुठले समजले?

मेक्सिकोत वाहाका शहरातल्या बसथांब्यावर एका आजींनी मला स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. मी "स्पॅनिश येत नाही" एवढं पाठ केलेलं वाक्य म्हटलं. त्यांना ते पटेना. आपल्यातलीच पोर आपल्याशी परक्यासारखी का वागते, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मग मी "सोय इंदिया" म्हणाले आणि घोळ आणखी वाढला. त्याचा अर्थ 'मी आदिवासी बाई आहे' असा होतो, आणि तो शब्द तिथे बरेचदा हिणवायला वापरतात, हे मला नंतर कळलं. 'दे ला इंदिया' म्हणायला हवं होतं. १४९२ मध्ये कोलंबस बहामा बेटांवर उतरला, आपण आशियाच्या काठाला पोचलो असं समजला आणि तिथल्या लोकांना 'इंदिओ' म्हणाला. त्याची ती चूक अजून आजींच्या लोकांना चिकटलेली आहे. आजींनी शेवटी माझा हात धरून मला बसमध्ये चढवलं आणि खिडकीजवळ बसवलं.

तुम्हाला कुठे, कोणाचं समजलं गेलं? गंमत वाटली असेल तर लिहाच, पण अपमान झाला असेल तर तोही लिहा. त्या क्षणी तुम्हाला जी वागणूक मिळाली, ती एरवी कोणाच्या वाट्याला येते, हे मला वाचायचं आहे.

*

रोम, कलोसियमच्या बाहेर. गुलाब विकणारा एकजण थेट बांगलात बोलायला लागला. मी "ना, ना" म्हणत हात हलवला. बांगलातही नकाराला 'ना'च म्हणतात, त्यामुळे त्याची खात्रीच पटली. नंतर मोडक्या हिंदीत उलगडा झाला. फुलं घ्या असं तो म्हणतच नव्हता, कुठल्या जिल्ह्याचे एवढंच त्याला विचारायचं होतं. त्याचा उतरलेला चेहरा आजही आठवतो.

*

माझा अनुभव कडू आहे. रोमेनियात, बुखारेस्टच्या एका मोठ्या दुकानात पहारेकरी माझ्यामागे रांगेरांगेतून फिरत होता. दाराशी त्याने पिशवी उघडायला लावली. पासपोर्ट दिसल्यावर मात्र एकदम हसला, माफी मागितली आणि म्हणाला, "मला वाटलं त्सिगान." युरोपभर विखुरलेल्या रोमा लोकांसाठी तिथे वापरला जाणारा हा तुच्छतेचा शब्द. माफी मला मिळाली ती पासपोर्टमुळे. माझ्याच रंगाच्या रोमा बाईला ती मिळाली नसती, आणि हे मला पिशवी उघडण्यापेक्षा जास्त लागलं.

दोन दिवसांनी शहर दाखवणारी एक रोमा मुलगी भेटली. तिला हे सांगितलं तर तिला नवल वाटलं नाही. तिने मला त्यांच्या भाषेतले आकडे म्हणून दाखवले: येख, दुय, त्रिन, श्तार, पांज. सात, आठ, नऊ मात्र एफ्ता, ओख्तो, एन्या, म्हणजे ग्रीक, कारण त्यांच्या पूर्वजांची वाट ग्रीक बोलणाऱ्या बायझंटाइन साम्राज्यातून गेली. दहाला पुन्हा 'देश', आपल्या 'दश'चा भाऊ. पाण्याला पानी, कानाला कान, दाताला दांद. साधारण हजार वर्षांपूर्वी भारतातून निघालेली ही माणसं, आणि याच रोमेनियाच्या वालाकिया भागात ती १८५६ पर्यंत गुलाम होती. हे मला कुठल्याच शाळेत कोणी शिकवलं नव्हतं.

*

श्रीलंकेत सिगिरियाला तिकीटखिडकीवरच्या माणसाने सिंहलीत बोलत मला स्थानिकांच्या, म्हणजे स्वस्त तिकिटाच्या, रांगेत पाठवलं. मित्र म्हणाला, गप्प राहा. मला ते जमलं नाही.

*

वरचा बुखारेस्टचा अनुभव वाचून लिहितोय. २२ फेब्रुवारी २०१७ ला कॅन्ससमधल्या ओलेथमध्ये श्रीनिवास कुचिभोतला या भारतीय अभियंत्याला इराणी समजून गोळी घालून मारलं. त्यांचे मित्र आणि मध्ये पडलेला एक अमेरिकन तरुण जखमी झाले. मी पुढच्याच महिन्यात कामासाठी अमेरिकेत होतो. एका पेट्रोलपंपावर एकाने दरडावून विचारलं, "इराणचा का?" मी घाईघाईने म्हणालो, "नाही नाही, इंडियन!"

रात्री झोप लागली नाही. भीती होतीच, पण खरा त्रास त्या 'नाही नाही'चा होता. जणू इराणी असतो तर चाललं असतं. बलबीरसिंग सोढी या शीख गृहस्थांना १५ सप्टेंबर २००१ ला ॲरिझोनात त्यांच्याच पंपावर अरब समजून मारलं, तेव्हाही सगळीकडे 'चुकून' हा शब्द ऐकला होता. माझ्या मते तो शब्दच चूक आहे. आता कोणी विचारलं तर मी "भारताचा" एवढंच म्हणतो, पुढे 'नाही' जोडत नाही.

*

फिजी. नांदीच्या बाजारात एका म्हाताऱ्या बाईंनी हाक मारली आणि त्यांच्या हिंदीत विचारलं, ऑस्ट्रेलियातून कधी आलास, कोणाचा मुलगा? १९८७ च्या लष्करी उठावानंतर तिथली कितीतरी भारतीय वंशाची घरं देश सोडून गेली. त्यातलाच कोणी सुट्टीला परतलाय, असं त्यांना वाटलं. मी भारताचा म्हटल्यावर त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, माझी आजी तिकडून आली. शब्द 'आजी'च, आपल्यासारखा. १८७९ ते १९१६ मध्ये सुमारे ६० हजार मजूर गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, भारतातून तिथे नेले गेले, त्यांतली ती एक. गाव कुठलं, ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

प्रत्येक गिरमिटियाच्या पासावर जिल्हा आणि गाव लिहिलेलं असे. ते पास सुवाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मी तीन दिवसांनी सुवालाच जाणार होतो. बाईंनी आजीचं नाव सांगितलं, मग आजीच्या बापाचं. मी ते वहीत लिहून घेतलं आणि बरोबर लिहिलंय ना, म्हणून त्यांना दोनदा वाचून दाखवलं.