शब्दचर्चा : 'महसुली खर्च', 'अनुदान', 'मदत' आणि संरक्षण-परराष्ट्र खात्यांचे आकडे

उपसंपादक : वर्तमानपत्रात अर्थसंकल्पाची पानं लावण्याचं काम माझ्याकडे असतं. दरवर्षी १ फेब्रुवारीला त्याच त्या शब्दांशी झटापट होते, म्हणून इथे विचारतो. २०२५-२६ साठी संरक्षण मंत्रालयाचा आकडा होता ६,८१,२१० कोटी रुपये. त्यातले १.८० लाख कोटी 'भांडवली', उरलेल्यातला मोठा हिस्सा 'महसुली'. आता महसूल म्हणजे सरकारकडे येणारा पैसा. मग 'महसुली खर्च' हे काय प्रकरण? एका वाचकाने फोन करून विचारलं, "सैन्य महसूल गोळा करतं का हो?" दुसरं असं, की परराष्ट्र खात्यातून भूतान-मालदीवला जातं त्याला मदत म्हणावं, अनुदान म्हणावं की साहाय्य?

जमाखर्च : सरकारी लेख्यांत आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. चालू उत्पन्नातून भागवायचा, ज्यातून टिकाऊ मालमत्ता उभी राहत नाही असा खर्च म्हणजे महसुली. पगार, रेशन, डिझेल, दुरुस्ती. भांडवली म्हणजे विमान, युद्धनौका, जमीन, धावपट्टी. संरक्षणात गंमत अशी, की रणगाडा भांडवली आणि त्यातून उडवायचा गोळा महसुली! दारूगोळ्याचा साठा याच बाजूला मांडतात. त्यामुळे 'महसुली खर्चाला कात्री लावा' असं अग्रलेखात ठोकून देणाऱ्यांनी नेमकी कशाला कात्री लावायची तेही सांगावं. 'चालू खर्च' हा शब्द सोपा आहे खरा. पण विधिमंडळापासून जिल्हा परिषदेपर्यंत 'महसुली' रुळलाय, आता तो हलायचा नाही. बातमीत पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत उलगडा करा आणि पुढे जा.

सातारी : त्या ६.८१ लाख कोटींत १,६०,७९५ कोटी निवृत्तिवेतनाचे आहेत, म्हणजे भांडवली रकमेच्या फार मागे नाहीत. आमच्याकडे अपशिंग्यासारख्या गावांत फौजेत गेलेली घरं पिढ्यान् पिढ्या आहेत. तिथे 'निवृत्तिवेतन' हा शब्द बँकेच्या फलकावर असतो, तोंडात 'पेन्शन'च. तुमचा मथळा 'सैन्यासाठी ६.८१ लाख कोटी' असा आला की वाचणाऱ्याला नुसत्या तोफा दिसतात.

कऱ्हाकाठ : महसूल आणि फौज यांची सांगड आपल्याकडे जुनीच. पेशवाईत सरदारांना सरंजाम लावून देत, म्हणजे फौज बाळगण्यासाठी मुलूख तोडून दिलेला. सरदाराने त्या मुलखाचा वसूल घ्यायचा आणि ठरलेले स्वार पदरी ठेवायचे. पैसा खजिन्यात येऊन परत बाहेर जायची भानगडच नाही. पुढे १८०२ च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौजेच्या खर्चापोटी वर्षाला २६ लाखांच्या वसुलाचा मुलूख इंग्रजांना दिला. संरक्षण खर्च आणि परराष्ट्र धोरण एकाच कलमात उरकलं म्हणायचं.

जमाखर्च : कऱ्हाकाठ, जोड छान आहे, पण 'महसुली खर्च' तिथून आलेला नाही. इंग्रजी अमदानीतल्या हिशेबपद्धतीचं ते भाषांतर आहे. वाचकांचा उगीच गैरसमज नको.

कऱ्हाकाठ : मान्य. व्युत्पत्ती म्हणून नव्हतंच लिहिलं.

डोंबिवलीकरीण : मी भाषांतरं करते, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर माझं डोकं आधीच पिकलंय. 'अनुदान' या एका शब्दावर आपण तीन ओझी लादली आहेत. कांद्याचं, गॅसचं, शाळेचं ते अनुदान. संसदेत खात्यासाठी पैसे मंजूर करून घेतात त्या 'अनुदानाच्या मागण्या'. संरक्षण मंत्रालयाच्या अशा चार असतात. आणि भूतानला परतफेडीशिवाय देतात तेही अनुदान! 'संरक्षणाच्या अनुदान मागणीवर चर्चा' हे वाचून माझ्या सासूबाईंना वाटलं, लष्कराला सबसिडी हवी आहे. 'देणगी' म्हणावं तर पावतीपुस्तक आणि देऊळ आठवतं.

'मदत' मात्र मला खटकतो. त्यात नक्की काय दिलं ते कळतच नाही. अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत परदेशी सरकारांना दिलेली अनुदानं आणि कर्जं यांचं विवरणपत्र असतं, दोन्ही वेगळी मांडलेली. २०२५-२६ ला परदेशांसाठी ठेवलेल्या ५,४८३ कोटींपैकी २,१५० कोटी एकट्या भूतानचे. मालदीवचे ६००. बातमीत सगळं 'मदत' होऊन जातं आणि त्यातलं कर्ज दिसेनासं होतं.

उपसंपादक : २०२२ मध्ये श्रीलंकेला सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत केली असं आम्हीही छापलं होतं. तीही कर्जंच का?

डोंबिवलीकरीण : बरीचशी. इंधन, अन्नधान्य, औषधं यांसाठी पतमर्यादा दिली, रिझर्व्ह बँकेने ४० कोटी डॉलरची चलन अदलाबदल केली (म्हणजे त्यांचं चलन ठेवून घेऊन डॉलर दिले, मुदतीनंतर परत फिरवायचे), काही देणी पुढे ढकलली. पतमर्यादा म्हणजे दुकानदाराला बँक कॅश क्रेडिट देते तसं: लागेल तसं उचला, मग फेडा. आयात-निर्यातीला कर्ज देणाऱ्या सरकारी एक्झिम बँकेमार्फत परदेशी सरकारांना मिळणाऱ्या अशा कर्जांत सहसा ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्यायची अट असते. तो पैसा परराष्ट्र खात्याच्या मागणीत शोधू नका, तिथे सापडायचा नाही. म्हणून फुकट दिलं ते 'अनुदान', फेडायचं ते 'कर्ज', आणि दोन्हींची मोट बांधायची तर 'अर्थसाहाय्य'. भूकंपात ब्लँकेटं, औषधं पाठवली तर खुशाल 'मदत' म्हणा.

सातारी : 'सुरक्षा' आणि 'संरक्षण' यांचीही सरमिसळ होते. सीमा सुरक्षा दल नावाने सीमेवर, पण पगार गृह मंत्रालयाकडून. त्या मंत्रालयाचे २०२५-२६ चे २.३३ लाख कोटी वेगळेच. उलट सीमेवरचे रस्ते बांधणारी संघटना संरक्षण मंत्रालयाकडे. 'राष्ट्रीय सुरक्षेवरचा खर्च' असा शब्द वापरलात तर दोन्ही मोजा. तसंच 'संरक्षणाला प्राथमिकता' लिहू नका. ती हिंदी आहे, आपल्याकडे प्राथमिक म्हणजे शाळा. 'प्राधान्य' किंवा 'अग्रक्रम'. रेशनकार्डावरसुद्धा 'प्राधान्य कुटुंब' असतं.

जमाखर्च : आणि फेब्रुवारीत 'खर्च' नका लिहू, ती 'तरतूद'. पुढच्या वर्षी सुधारित अंदाज येतो, प्रत्यक्ष आकडे त्याच्याही नंतर. पेशवे दफ्तरात वर्षाच्या जमाखर्चाच्या अंदाजाला 'बेहडा' म्हणत. तो शब्द गेला याचं मला वाईट वाटतं, पण बातमीत नका घालू, फोन वाढतील.

उपसंपादक : मग मथळा असा: 'संरक्षण मंत्रालयासाठी ६.८१ लाख कोटींची तरतूद, शस्त्रखरेदीला १.८० लाख कोटी'.

जमाखर्च : 'शस्त्रखरेदीला' नको. भांडवलीत जमीन आणि बांधकामंही येतात. 'भांडवली खर्चासाठी' ठेवा, दोन अक्षरं जास्त गेली तर जाऊ द्या.

सातारी : आणि पेन्शनचा आकडा पहिल्या परिच्छेदात घ्या, साहेब. आतल्या पानावर ढकलू नका.