मदत हवी आहे: सिल्व्हर बॅजची आयजीसी फाईल व्हॅलिडेशनला फेल होतेय

थर्मलखोर
ग्लायडिंगवाले (बिनइंजिनाचं विमान उडवणारे) कोणी आहेत का इथे? सिल्व्हर बॅजसाठी (ग्लायडर पायलटला मिळणारा कौशल्याचा बिल्ला) उडालो होतो, ५० किमी अंतर आणि १००० मीटरचा हाईट गेन (वर चढून मिळवलेली उंची) दोन्ही एकाच फ्लाईटमध्ये झालंय, लॉगर (फ्लाईटचा ट्रॅक नोंदवणारी डबी) क्लबचाच, आयजीसी म्हणजे आंतरराष्ट्रीय ग्लायडिंग कमिशनची अप्रूव्हड, सीलही शाबूत. उतरल्यावर ऑफिशियल ऑब्झर्व्हरने (फ्लाईटची साक्ष देणारा अधिकृत माणूस) स्वतः फाईल काढून घेतली, पुढे पाठवली, आणि तिकडे व्हॅलिडेशनला (फाईल बदललेली नाही ना, ही तपासणी) टाकली तर फेल! नकाशावर ट्रॅक एकदम झकास दिसतो, थर्मलमधली (वर चढणाऱ्या गरम हवेतली) वेटोळी, टर्नपॉइंट (मार्गातली ठरलेली वळणाची जागा), सगळं जागच्या जागी, फक्त फाईलच्या शेवटची डिजिटल सिक्युरिटी सही जुळत नाही म्हणे. मी फाईलला हातही लावलेला नाही.

खिशात मोबाईलवर ॲप चालू होतं त्याचीही फाईल आहे, दोन्ही ट्रॅक एकावर एक ठेवले तर तंतोतंत बसतात. ती जोडून भागेल का? आणि जरा चिडूनच विचारतोय, ऑब्झर्व्हरने मला बसताना पाहिलं, उतरताना पाहिलं, तरी जिवंत माणसापेक्षा त्या डबीच्या सहीला जास्त किंमत, हे काय गौडबंगाल आहे?

वेटोळे
आधी सांगा, फाईल मधल्या काळात कुठे उघडून सेव्ह झाली का? आयजीसी फाईल म्हणजे साधी टेक्स्ट फाईल असते. बी ने सुरू होणारी प्रत्येक ओळ म्हणजे एक फिक्स (त्या क्षणाची जागा), सहा आकडे वेळेचे, मग अक्षांश रेखांश, मग ए किंवा व्ही (जीपीएसला थ्रीडी फिक्स मिळाला की नाही), मग पाच आकडे दाबावरून काढलेल्या उंचीचे आणि पाच जीपीएस उंचीचे. नोटपॅडमध्ये कोणीही १२०० चे २२०० करू शकतो, म्हणून तर शेवटी जी च्या ओळींमध्ये सही असते. वरचं पायलटच्या नावाचं स्पेलिंग "नीट" करायला जातात लोक आणि सही मोडून बसतात. लॉगरमध्ये फ्लाईट अजून असेल तर ऑब्झर्व्हरसमोर परत उतरवा.

थर्मलखोर
परत उतरवली, थेट टाकली, तरी फेल. गंमत म्हणजे याच लॉगरवरची दुसऱ्या मेंबरची ताजी फाईल पण फेल, मागच्या सीझनची मात्र पास.

बॅरोग्राफवाले काका
मग फाईल सोडा, डबीच गेलीये. सही करायची गुप्त की (डिजिटल किल्ली) लॉगरच्या आत असते आणि बऱ्याच मॉडेलांत तिला आतली छोटी बॅटरी जिवंत ठेवते. केस उघडली की आतला मायक्रोस्विच ती की पुसून टाकतो, हे मुद्दाम केलेलं असतं, कुणी आत तारा जोडू नयेत म्हणून. पण बॅटरी आपोआप मेली तरी की जातेच. वर स्क्रीन चालू, ट्रॅक लिहिला जातोय, कुणाला पत्ताच लागत नाही. सील शाबूत असून उपयोग नाही. लॉगर उत्पादकाकडे जाऊ दे, नवी की, नवं सील. झालेल्या फ्लाईटवर सही मागाहून मिळत नाही, ते विसरा.

मोबाईलचं म्हणाल तर ॲपची फाईल कितीही जुळली तरी आपोआप पुरावा होत नाही. सिल्व्हर आणि गोल्ड बॅजसाठी पोझिशन रेकॉर्डर (साधी जीपीएस नोंदणारी साधनं) चालतात, पण ते त्या त्या देशाच्या एरो क्लबने मान्य केलेले लागतात. यादीत तुमचं साधन आहे का बघा, नसेल तर नाद सोडा. सिल्व्हरची पाच तास उडण्याची अट राहिली असेल आणि ऑब्झर्व्हरने टेकऑफ लँडिंगच्या वेळा लिहिल्या असतील तर तेवढं तरी विचारून घ्या.

वेटोळे
पण काका, ५० किमीसाठी कोण एवढी लबाडी करणार? वर्ल्ड रेकॉर्ड असेल तर समजू शकतो.

बॅरोग्राफवाले काका
म्हणूनच तर लॉगरच्या अप्रूव्हलच्या पायऱ्या आहेत, रेकॉर्डसाठी सगळ्यात कडक, बॅजसाठी थोड्या सैल. आणि थर्मलखोर, सही एवढंच सांगते की डबीतून निघाल्यावर फाईल बदललेली नाही. खुर्चीत कोण होतं, ग्लायडर कोणतं, ते तिला कळत नाही, ते ऑब्झर्व्हरचंच काम. सिम्युलेटरमधूनसुद्धा आयजीसी फाईल निघते हो! तेव्हा माणूस नको असं नाही, दोघं लागतात. आमच्या काळी काजळी धरलेल्या फॉइलचा बॅरोग्राफ (दाबावरून उंची नोंदणारं यंत्र) ऑब्झर्व्हर सील करायचा, टर्नपॉइंटचे फोटो आणि वर निगेटिव्ह न कापता द्यायची, तेव्हाही नुसत्या "मी पाहिलं"वर बॅज मिळत नव्हता. टर्नपॉइंटवर ऑब्झर्व्हर थोडाच असतो? मोटरग्लायडरवाल्यांचं तर आणखी, लॉगर आवाजाची पातळी तीन आकड्यांत प्रत्येक फिक्सबरोबर लिहितो, इंजिन लावलं की आकडा उडी मारतो.

थर्मलखोर
यादीत माझं ॲप नाहीये, बघितलं. म्हणजे परत उडायचं. क्लबला लॉगर पाठवायला सांगतो, तोवर दुसऱ्याचा मागून घेतो.

बॅरोग्राफवाले काका
मागून आणलेल्यावर आधी एक छोटी फ्लाईट करून फाईल व्हॅलिडेट करा, मगच क्रॉसकंट्रीला निघा. आणि तुमचा पाठवताय तर प्रेशर कॅलिब्रेशन (दाबावरची उंची बरोबर येते का, ही तपासणी) पण करून मागवा, हाईट गेनच्या क्लेमला त्याचा कागद मागतील.